ब्लू आयरिस नव्या कॉम्प्युटरवर न्यायचंय? नुसता फोल्डर कॉपी करून भागत नाही

तुम्ही विचारलंय की जुन्या मशीनच्या सी ड्राइव्हमधला ब्लू आयरिसचा (म्हणजे सीसीटीव्ही कॅमेरे दाखवणाऱ्या आणि रेकॉर्ड करणाऱ्या विंडोज प्रोग्रॅमचा) फोल्डर उचलून नव्या मशीनवर टाकला, तर सहाही कॅमेरे आणि जुनं रेकॉर्डिंग आहे तसं दिसेल का. नाही दिसणार. मी नेमकं हेच करून बसलो होतो.

आमच्या गावच्या घरी चार कॅमेरे आहेत. तिथला कॉम्प्युटर चौथ्या पिढीच्या आय-फाइव्हचा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ त्या मशीनवर रीतसर बसेना, म्हणून नवा घेतला. फोल्डर कॉपी केला, प्रोग्रॅम उघडला, तर कोरी करकरीत खिडकी. मागून आई विचारतेय, "अरे, फाटक दिसत नाही का आता?"

गोम अशी, की त्या फोल्डरमध्ये रेकॉर्डिंग असतं आणि त्याची यादी ठेवणारा डेटाबेस असतो. कॅमेऱ्यांचे पत्ते, पासवर्ड, मोशनसाठी आखलेले झोन, वेळापत्रक, मोबाइलसाठी केलेले युजर हे सगळं विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज सेटिंग्ज साठवतं त्या वेगळ्या जागी असतं. म्हणून जुन्या मशीनवरच आधी सेटिंग्जमधल्या अबाउट पानावर जा आणि सेटिंग्ज एक्स्पोर्ट करा. एक छोटी 'रेग' फाइल मिळते. ती पेन ड्राइव्हवर घ्या, शिवाय स्वतःला मेलही करून ठेवा. त्यात पासवर्ड आहेत, तेव्हा कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नका. (हसू नका, मी टाकली होती.)

मग लायसन्स. ते एका वेळी एकाच मशीनवर चालतं. जुन्यावर डीअॅक्टिव्हेट करा, नव्यावर तीच लायसन्स-की घाला. ही की खरेदीच्या वेळी मेलवर आलेली असते. जुनं मशीन बंद करण्याआधी ती शोधून ठेवा, नंतर नको.

नव्यावर आधी प्रोग्रॅम टाकायचा, जुन्याइतकंच किंवा त्याहून नवं व्हर्जन. मग ती फाइल इम्पोर्ट करायची आणि प्रोग्रॅम पुन्हा सुरू करायचा. बहुतेक वेळा इथे कॅमेरे दिसायला लागतात.

आता जुनं रेकॉर्डिंग. माझा प्रामाणिक प्रश्न: ते खरंच हवंय का? एखादी चोरी, अपघात, शेजाऱ्यांशी वाद असलं काही असेल तर तेवढ्याच क्लिप बाजूला काढा. बाकी मांजर आणि दूधवाला. तरी हवंच असेल तर नेटवर्कवरून कॉपी करायच्या भानगडीत पडू नका. घरातला नेटवर्क स्विच १०० एमबीपीएसचा असेल तर २ टीबी जायला दोन दिवस लागतात. त्यापेक्षा रेकॉर्डिंगची हार्ड डिस्क वेगळी असेल तर तीच काढून नव्या मशीनला लावा.

पण डिस्क लावली की ड्राइव्हचं अक्षर बघा. जुन्या मशीनवर ती डी होती आणि इथे ई झाली, तर सेटिंग्ज डी शोधत बसतात. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिला पुन्हा डी करा, मगच प्रोग्रॅम उघडा. यादी तरीही अर्धवट दिसली तर क्लिपच्या यादीवर राइट-क्लिक करून डेटाबेस रिपेअर करता येतो. तो फायली वाचून यादी पुन्हा बांधतो. मोठ्या डिस्कवर वेळ खातो, चहा घेऊन या.

नवीन डिस्क घेणार असाल तर हिशोब असा: एक कॅमेरा ४ एमबीपीएसने चोवीस तास रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला साधारण ४३ जीबी. तुमचे सहा धरले तर २६० जीबीच्या आसपास. म्हणजे २ टीबी जेमतेम आठवडाभर पुरेल.

आयपीचं, म्हणजे मशीनच्या नेटवर्कवरच्या पत्त्याचं, मी सगळ्यात सोपं केलं. जुनं मशीन बंद केलं आणि राउटरमध्ये त्याचाच आयपी नव्याला राखून दिला. त्यामुळे मोबाइल अॅपमध्ये काही बदलावं लागलं नाही, फक्त विंडोज फायरवॉलने विचारल्यावर परवानगी दिली. आणि त्याच दिवशी राउटरही बदलायचा मोह आवरा. नव्या राउटरमुळे कॅमेऱ्यांचे पत्ते बदलले, तर चूक कुठे आहे ते शोधताना डोकं फिरेल.

मशीन अजून घेतलं नसेल तर एक सांगतो. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असतो, तो दुकानदार स्वस्त म्हणून पुढे करतो. त्यात ग्राफिक्स नसतं, म्हणजे क्विक सिंक (व्हिडिओ हाताळणारी इंटेलच्या ग्राफिक्समधली सोय) नाही, म्हणजे व्हिडिओ उलगडायचा सगळा भार प्रोसेसरवर. या कामासाठी तो घेऊ नका. कॅमेऱ्यांचे सबस्ट्रीम (कॅमेरा सोबत पाठवतो ते कमी दर्जाचं, हलकं चित्र) चालू केलेत तर मात्र साध्या मशीनवरही सहा कॅमेरे आरामात चालतात.

शेवटी दोन गोष्टी, ज्या सेटिंग्जच्या फाइलबरोबर येत नाहीत. विंडोजची झोप बंद करा. नवं मशीन काही वेळाने आपोआप झोपतं आणि रेकॉर्डिंग थांबतं. दुसरं, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) वीज परत आल्यावर मशीन आपोआप सुरू व्हायची सोय असते, ती चालू करा, आणि ब्लू आयरिस विंडोज सर्व्हिस म्हणून चालवा, म्हणजे लॉगिन करायला कोणी नसलं तरी चालेल. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट दिवसातून तीनदा जाते. मी सगळं लावून झाल्यावर मशीन नीट शटडाउन केलं, पिन काढली, पाच मिनिटांनी लावली आणि कशालाही हात न लावता मोबाइलवर फाटक दिसतंय का ते पाहिलं. तिसऱ्या प्रयत्नात दिसलं.