वाचकांचे प्रश्न : रिकामी बाके, बंद खोली

प्रश्न : आमची ख्रिस्ती मंडळी (चर्च) जालना जिल्ह्यातील एका खेड्यात आहे. पूर्वी नाताळच्या उपासनेला लोक दाराबाहेर सतरंजीवर बसत. आता रविवारी बारा-पंधरा जण येतात, तेही बहुतेक साठीच्या पुढचे. पाळकसाहेबांकडे (धर्मगुरूंकडे) चार मंडळ्या असल्याने ते महिन्यातून एकदाच येतात. घंटेचा दोर तुटला आहे आणि आवारातल्या जुन्या शाळेच्या खोलीत मोडकी बाके रचून ठेवली आहेत. कीबोर्ड आणि मोठे स्पीकर आणले तर तरुण परत येतील, असे काही जण म्हणतात. आपले मत काय?

उत्तर : स्पीकर जरूर आणावेत, मात्र पोटासाठी पुण्याला गेलेला तरुण स्पीकरच्या आवाजाने माघारी येत नाही. मंडळी आटली ती भक्ती आटल्यामुळेच, असे समजून उरलेल्यांनी स्वतःला दोष देत बसू नये, कारण पाऊस आणि रोजगार यांनी मराठवाड्यातली गावेच्या गावे रिकामी केली आहेत. गावात मागे कोण राहिले आणि रविवार सोडून सहा दिवस त्यांना कशाची नड असते, याचा विचार मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीने आधी करावा.

दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. त्यांची मुले एक तर आजीजवळ राहतात, नाही तर शाळा सोडून फडावर जातात. शाळेची ती जुनी खोली झाडून, एक ट्यूबलाइट लावून, संध्याकाळी सहा ते आठ अभ्यासासाठी उघडी ठेवली, तर मंडळीतल्या एखाद्या निवृत्त गुरुजींनाही काम मिळेल. त्या आजीचा संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचा अर्ज तहसिलात अडकला असेल, तर सोबत जायला कोणीतरी हवे. मात्र खोलीत धर्मशिक्षण होणार नाही, हे पहिल्याच दिवशी पालकांना आणि सरपंचांना स्पष्ट सांगावे. संशयावर उभे राहिलेले काम महिनाभरही टिकत नाही.

पाळकसाहेबांची वाट पाहत थांबण्याचे कारण नाही. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात, रोजच्या वाटपात विधवांची आबाळ होते अशी तक्रार आली, तेव्हा ते काम प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या शिष्यांनी, स्वतःकडे ठेवले नाही. मंडळीला सात माणसे निवडायला सांगितले. तुमच्याकडे तर बारा-पंधरा आहेत! तुमच्याच जिल्ह्यात, जालन्याजवळ, ख्रिस्ती धर्मोपदेशक रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली. ते निव्वळ प्रार्थनेचे ठिकाण नव्हते, राबते गाव होते.

संगीताविषयी एवढेच, की १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झालेले कवी रेव्ह. ना. वा. टिळक यांचे अभंग तुमच्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असणार. टाळ आणि पेटी घेऊन ते आधी नातवंडांना शिकवावेत. कीबोर्ड मागाहून आला तरी चालेल.

प्रश्न : आमच्या बीडकडच्या मंडळीत डागडुजीसाठी रस्त्यालगतची थोडी जागा विकावी, असा विचार पुढे आला आहे. तसे करावे का?

उत्तर : करू नये, आणि परस्पर तर मुळीच नाही. जागा सार्वजनिक न्यासाची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ नुसार विक्रीपूर्वी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. आधी सातबारा किंवा मालमत्ता पत्रक काढून जागा नेमकी कोणाच्या नावावर आहे ते पाहावे, गेल्या वर्षांचे हिशेब सर्व सभासदांसमोर वाचावेत, आणि डागडुजीला वर्गणी मागायची ती त्यानंतरच मागावी.