विश्रांतीचा दिवस आणि धो धो पाऊस

प्रश्न : आम्ही सहाजण जुलैत बेळगावहून नागपूरला बाइकने निघतोय, वाटेत गावोगावी थांबून लहान मुलांच्या कॅन्सर उपचारांसाठी देणग्या गोळा करायच्यात. पुण्यात एक दिवस मुक्काम आहे. पाऊस असला तर सिंहगडला जावं की नुसतं झोपावं?

उत्तर : अरे, आधी झोपा! सलग गाडी चालवून मनगटं आणि कंबर पार आखडलेली असते, आणि जुलैत घाटातला रस्ता निसरडा, धुकं, वर विकेंडची गर्दी, त्यामुळे सिंहगड परत कधीतरी. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की मुठा नदीवरचा भिडे पूल पाण्याखाली जातो, म्हणून नदीकाठच्या रस्त्यांनी जाऊच नका. उठल्यावर बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, ओले झाले की बदला. चेन पुसून पूर्ण कोरडी करा, मगच ल्यूब (चेनचं वंगण) मारा, ओल्या चेनवर मारलेलं टिकत नाही. ब्रेक पॅडही बघून घ्या.

मग हिशोबाला बसा, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. रोज थकून आल्यावर पावत्या राहून जातात, आणि लोकांनी विश्वासाने दिलेला पैसा आहे तो. एकाने २००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिले तर त्याला आयकरात सवलत मिळत नाही, तेव्हा मोठी रक्कम थेट संस्थेच्या खात्यात यूपीआयने किंवा चेकने घ्या.

दुपारी उघडीप मिळाली तर बाजीराव रस्त्यावरचं केळकर संग्रहालय बघा, नाहीतर गरम भजी आणि चहा.