वाचकांचे प्रश्न : एकवीस फोटोंचं एक पोर्ट्रेट

अपर्चर (लेन्सचं छिद्र) पूर्ण उघडं ठेवून माणसाचे आणि त्याच्या भोवतालच्या जागेचे तुकड्या-तुकड्याने फोटो काढायचे आणि ते जोडून धूसर बॅकग्राउंडचा एकच रुंद फोटो करायचा, ही ‘ब्रेनायझर पद्धत’. न्यूयॉर्कमध्ये लग्नांचे फोटो काढणारे रायन ब्रेनायझर यांच्यामुळे ती प्रसिद्ध झाली. या पद्धतीबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी पाच इथे घेतले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा कॅमेरा आणि ५० मिमी एफ १.८ लेन्स आहे. महागडी लेन्स न घेता हे जमेल का? (कराड)

नक्की जमेल. बॅकग्राउंड किती विरघळणार, हे लेन्सच्या उघड्या छिद्राच्या व्यासावर ठरतं. ५० ला १.८ ने भागलं की व्यास येतो साधारण २८ मिमी. एका फ्रेममध्ये ही लेन्स फार थोडी जागा टिपते. फोटो जोडले की दृश्य रुंदावतं, छिद्र मात्र तेवढंच राहतं. कॅमेरा उभा धरून तीन आडव्या रांगा आणि प्रत्येक रांगेत सात फोटो असे २१ फोटो, शेजारच्या दोन फोटोंत निम्मा भाग सामाईक ठेवून काढा. जोडून कडा छाटल्या की फुल फ्रेमवर (क्रॉपपेक्षा मोठ्या सेन्सरवर) २८ मिमी लेन्स जेवढं दाखवते, जवळपास तेवढं दृश्य मिळतं, आणि ब्लर एफ १ चा असतो.

सेटिंग मात्र एकही ऑटोवर सोडू नका. मोड मॅन्युअल, अपर्चर १.८, आयएसओ ठरावीक, व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’ किंवा ‘शेड’. एक्स्पोजर चेहऱ्यावर ठरवा. डोळ्यावर ऑटोफोकस करा आणि लगेच लेन्सचं बटण एमएफवर (मॅन्युअल फोकसवर) टाका. त्यानंतर फोकस रिंगला हात लावायचा नाही. एखादी फ्रेम जरी ऑटोवर गेली, तरी जोडलेल्या फोटोत तेवढा चौकोन वेगळ्या उजेडाचा किंवा चुकून तीक्ष्ण आलेल्या झाडाचा दिसतो.

प्रश्न : चेहरा लख्ख येतो, पण पाय धूसर येतात. फोकस लॉक केलेला असतो. असं का होतं? (नाशिक)

तुम्ही बहुधा जवळ उभे राहता आणि कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर धरता. माणूस अडीच मीटरवर असेल आणि कॅमेरा जमिनीपासून दीड मीटर उंच असेल, तर चेहरा लेन्सपासून अडीच मीटरवर असतो, पण पाय सुमारे २.९ मीटरवर. तुम्ही कॅमेरा खाली झुकवून पायांची वेगळी फ्रेम घेता, तेव्हा लेन्स अजून अडीच मीटरवरच फोकस झालेली असते. ५० मिमी एफ १.८ ला त्या अंतरावर जेमतेम १८ सेंटिमीटरची खोली स्पष्ट मिळते, त्यामुळे पाय हमखास सुटतात.

यावर उपाय असा. माणसापासून चार मीटरवर या, गुडघ्यावर बसा आणि कॅमेरा समोरच्या माणसाच्या कमरेच्या उंचीवर सरळ धरा. क्रॉप सेन्सरवर उभ्या फ्रेममध्ये तिथे १.८८ मीटर उंची मावते, म्हणजे माणूस डोक्यापासून पायापर्यंत एकाच फोटोत येतो. फोकस पॉइंट वर सरकवून डोळ्यावर ठेवा; फोकस करून मग कॅमेरा हलवू नका. हाच मुख्य फोटो. तो तीन-चार वेळा काढून ठेवा, डोळे मिटलेले निघाले तर पर्याय हवा. आम्ही तर सांगू की प्रत्येक वेळी असंच करा, कारण यात आणखी एक फायदा आहे : जोड चेहऱ्यावर, बोटांवर किंवा साडीच्या काठावर येत नाही.

मुख्य फोटोनंतर लगेच त्याला लागून असलेल्या फ्रेम घ्या. तोवर माणसाने हलायचं नाही, ओढणी-पदरही हातात धरायला सांगा. त्यापलीकडच्या फ्रेम सावकाश घेतल्या तरी चालतं.

प्रश्न : सॉफ्टवेअर काही फोटो जोडतच नाही, विशेषतः समुद्रकिनाऱ्यावरचे. (रत्नागिरी)

सॉफ्टवेअर दोन फोटोंत सारखे बिंदू शोधतं. एफ १.८ ला धूसर झालेलं आकाश आणि पाणी यांत पकडायला काही नसतं. म्हणून निम्मा भाग सामाईक हवाच. शिवाय प्रत्येक फ्रेममध्ये माडाची झावळी, होडीची कड, क्षितिजाची रेघ असं काहीतरी येऊ द्या. लाटा दर फोटोत बदलतात, त्यांच्यावर भिस्त नको. हगिन हे मोफत सॉफ्टवेअर असेल तर न जुळणाऱ्या दोन फोटोंत सारखे बिंदू हाताने देता येतात. निव्वळ आकाशाच्या फ्रेम मात्र खुशाल सोडून द्या. तेवढी जागा नंतर भरता येते.

आकाशात गडद ठिपक्यांची जाळी दिसत असेल तर ते व्हिग्नेटिंग आहे. पूर्ण उघड्या अपर्चरला फ्रेमचे कोपरे काळवंडतात आणि जोडल्यावर तेच कोपरे जागोजागी उमटतात. जोडण्याआधी सगळ्या फोटोंना लेन्स प्रोफाइल करेक्शन (लेन्सचे असे दोष घालवणारी सॉफ्टवेअरमधली सोय) लावा.

कुंपण किंवा फांदी दुहेरी दिसण्याचं कारण वेगळं. कॅमेरा हातात धरून तुम्ही स्वतः वळलात, तर लेन्स एका बाजूला सरकते आणि जवळच्या वस्तू मागच्या दृश्याच्या तुलनेत जागा बदलतात. डाव्या हाताचा तळवा लेन्सखाली स्थिर ठेवा आणि त्यावरच कॅमेरा फिरवा. लेन्सपासून हातभर अंतरावर गवत किंवा गज असतील तर ट्रायपॉडला पर्याय नाही.

प्रश्न : फोटोशॉप मध्येच बंद पडतं. (पुणे)

२४ मेगापिक्सेलचे २१ फोटो असे जोडले की सुमारे १९० मेगापिक्सेलचा फोटो तयार होतो, शिवाय प्रत्येक तुकड्याचा वेगळा लेयर. रॉ (कॅमेऱ्यातल्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या) फाइलींवर एकसारखी सेटिंग लावून २००० पिक्सेल लांबीच्या जेपेग काढा आणि त्या जोडा. तरीही २१ मेगापिक्सेलच्या आसपास मिळतात, १२ × १८ इंची प्रिंटला पुरेसे. प्रोजेक्शन, म्हणजे जोडलेलं दृश्य सपाट करण्याची पद्धत, आधी सिलिंड्रिकल निवडा. इमारतीच्या आडव्या रेषा वाकल्या तर पर्स्पेक्टिव्ह घ्या, पण त्यात कडेचा माणूस ताणला जातो, म्हणून त्याला मध्याच्या जवळ ठेवा.

प्रश्न : मोबाइलवर जमेल? (ठाणे)

मुख्य कॅमेऱ्याने नाही. ७ मिमी एफ १.८ लेन्सचं छिद्र चार मिमीचंही नसतं. कितीही फोटो जोडले तरी ते वाढत नाही.