डव्हकॉटचा कोअर डंप पडत नाही: मर्यादा नेमकी कुठे अडते

तुमच्या डव्हकॉट मेल सर्व्हरची आयमॅप प्रोसेस (मेलबॉक्स उघडून देणारी) दिवसातून दोन-तीनदा सिग्नल 11 ने, म्हणजे मेमरीच्या चुकीने, मरते, आणि कोअर डंप, म्हणजे मरतानाच्या मेमरीची फाइल, मिळावी म्हणून शेलमध्ये युलिमिट (प्रोसेसच्या मर्यादा ठरवणारी आज्ञा) अमर्याद करून, लिमिट्स.कॉन्फ बदलूनही लॉगमध्ये ‘कोअर डंप झाला नाही’ हेच येतं. येणारच. शेलमधली मर्यादा त्या शेलला आणि त्यातून निघालेल्या प्रोसेसनाच लागते. लिमिट्स.कॉन्फ पॅममधून (लॉगिन तपासणाऱ्या यंत्रणेतून) लॉगिन होणाऱ्यांसाठी. डव्हकॉटला उठवतो सिस्टमडी (सर्व्हिसेस सुरू करणारा प्रोग्राम), त्याला या दोन्हींशी देणंघेणं नाही.

म्हणून ‘सिस्टमसीटीएल एडिट डव्हकॉट’ करा आणि सर्व्हिस विभागात लिमिटकोअर इन्फिनिटी लिहा. मग रीस्टार्ट. रीलोडने भागत नाही, डव्हकॉटची जुनी मास्टर प्रोसेस जुनीच मर्यादा आपल्या पोरांना (तिने सुरू केलेल्या प्रोसेसना) देत राहते. नंतर चालू आयमॅपचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) घेऊन प्रॉक डिरेक्टरीखालची तिची लिमिट्स फाइल उघडा आणि ‘मॅक्स कोअर फाइल साइझ’ची ओळ डोळ्यांनी वाचा. तिथे अजून 0 दिसलं तर पुढचं काही करू नका, आधी हेच सोडवा.

ओळ बरोबर असूनही डंप पडला नाही, तर कर्नल अडवतोय. आयमॅप रूट म्हणून सुरू होते आणि मग मेलच्या युजरचे हक्क घेते. हक्क बदललेल्या प्रोसेसच्या मेमरीत आधीची गुपितं उरलेली असू शकतात, म्हणून कर्नल तिचा डंप टाकू देत नाही. सिसीटीएलमध्ये (कर्नलच्या सेटिंग्जमध्ये) सुइड-डंपेबल 2 करा. डंप फक्त रूटला वाचता येतो. मात्र कोअर-पॅटर्नमध्ये (डंप कुठे जावा ते सांगणाऱ्या सेटिंगमध्ये) मुळापासूनचा पूर्ण पाथ किंवा पाइप हवा, नुसतं ‘कोअर’ चालत नाही. 1 ही किंमत मेल सर्व्हरवर कधीच ठेवू नका.

आता खरी काळजीची गोष्ट. ही मर्यादा एका फाइलची आहे, एकूण जागेची नाही. आमच्याकडे एका ग्राहकाचं मेलबॉक्स उघडलं की आयमॅप कोसळायची. त्याचा फोन पुन्हा पुन्हा जोडायचा आणि दरवेळी नवा डंप पडायचा. डंप आणि पोस्टफिक्सची (मेल घेणाऱ्या-पाठवणाऱ्या प्रोग्रामची) रांग एकाच पार्टिशनवर. सकाळी डिस्क भरलेली, आणि पोस्टफिक्स येणाऱ्या प्रत्येक मेलला 452 (जागा अपुरी) देऊन तात्पुरता नाकारतोय. त्या दिवसापासून मी सिस्टमडी-कोअरडंपच (डंप गोळा करणारं सिस्टमडीचं साधन) वापरतो. त्याच्या कॉन्फ फाइलमध्ये मॅक्सयूज लिहिलं की एकूण जागेलाही लगाम बसतो.

शिवाय लॉगमध्ये सिग्नलऐवजी ‘एरर 83’ असेल, तर हा क्रॅश नाही. व्हीएसझेड-लिमिट (डव्हकॉटने प्रोसेसला घातलेली मेमरीची मर्यादा) अपुरी पडली आहे, ती वाढवा.

डंप हाती आला की जीडीबीमध्ये (डीबगरमध्ये) ‘बीटी फुल’, म्हणजे कोसळतानाच्या फंक्शन-कॉल्सची पूर्ण यादी, घ्या, लगेच लिमिटकोअर परत 0 करून रीस्टार्ट करा आणि काम झालं की डंप पुसा. त्यात लोकांची पत्रं आणि पासवर्ड असतात. ‘बीटी फुल’चा मजकूर डव्हकॉटच्या आवृत्तीसह इथे टाका, पण आधी त्यातले पत्ते आणि पासवर्ड काढून टाका.