युरोपची छोटी सहल: अर्ज कुठे, पैसे किती, मुक्काम किती

या खेपेला आलेले बहुतेक प्रश्न पोर्तुगालचे आहेत. गोव्यात दुसरं काय अपेक्षित असणार! पोर्तुगालला पर्यटनासाठी किंवा नातेवाइकांना भेटायला जाणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकाला शेंगेन व्हिसा लागतो आणि तो एकच व्हिसा २९ देशांत चालतो. रोमानिया आणि बल्गेरियाही आता त्यात पूर्णपणे आले आहेत. फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांखालील मुलांना ४५, त्याहून लहानांना काही नाही. अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. आता प्रश्नांकडे वळू.

प्रश्न (मांद्रे): घराच्या मागच्या तीन खोल्या आम्ही पर्यटकांना भाड्याने देतो. कमाई ऑक्टोबर ते मार्च, त्यातही बरीचशी रोख. चवथ आटपून, सीझन सुरू व्हायच्या आधी दहा दिवस लिस्बन-पोर्तो करायचं आहे. ऑगस्टमध्ये अर्ज केला तर मागच्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट कोरडं दिसेल. एजंट म्हणतो, भावाकडून तीन लाख घेऊन खात्यात टाक, व्हिसा झाला की परत कर.

उत्तर: हे करू नका. असे पैसे लगेच उठून दिसतात. तीन महिने खात्यात हालचाल नाही आणि अर्जाच्या आठ दिवस आधी अचानक तीन लाख, असं दिसलं की तपासणारा पुढची पानं संशयानेच उलटतो. शिवाय पोर्तुगालची किमान अट ऐकलीत तर एजंटचा राग येईल: प्रवेशासाठी ७५ युरो आणि राहण्याच्या प्रत्येक दिवसाला ४० युरो. दहा दिवसांचे झाले ४७५ युरो. हा नियमातला किमान आकडा आहे. तिकिटं, हॉटेल आणि खाणंपिणं धरून त्याहून बरंच जास्त दाखवावं, पण तीन लाखांची उसनवारी करायचं कारण नाही.

तुमची अडचण वेगळी आहे. तुमचं उत्पन्न हंगामी आहे आणि तीन महिन्यांच्या कागदात हंगाम मावत नाही. मग पूर्ण वर्षाचं स्टेटमेंट द्या. मागितलेलं नसलं तरी द्या. ऑक्टोबर ते मार्च जमा होत गेलेली आणि पावसाळ्यात हळूहळू खर्च झालेली रक्कम हीच तुमच्या धंद्याची खरी ओळख आहे. सोबत आयकर विवरणपत्रं जोडा आणि पर्यटन खात्याचं नोंदणी प्रमाणपत्रही. खोल्या भाड्याने देणाऱ्यांना गोव्यात १९८२ च्या कायद्याखाली ही नोंदणी करावीच लागते. ती केलेली नसेल, तर युरोप बाजूला ठेवून आधी ती करा. शेवटी साध्या इंग्रजीत एक पानभर पत्र: खोल्या किती, हंगाम कुठला, पावसात बंद का असतात, ऑक्टोबरमध्ये पहिले पाहुणे कधी येतात. ऑक्टोबरची बुकिंगं असतील तर त्यांच्या प्रती लावा. तुम्ही परत येणार याला यापेक्षा चांगला पुरावा मला तरी सुचत नाही.

भाऊ खरोखरच खर्च करणार असेल तर ते उघडपणे लिहा. त्याचं पत्र, त्याचं स्टेटमेंट, नात्याचा पुरावा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

प्रश्न (फोंडा): आम्हा दोघांना पॅरिसमध्ये सहा दिवस आणि लिस्बनमध्ये तीन दिवस राहायचं आहे. पोर्तुगालसाठी पणजीतच अर्ज देता येतो, म्हणून तिथेच करावा असं सगळे सांगतात. एकदा शेंगेन मिळाला की कुठेही फिरता येतं ना?

उत्तर: फिरता येतं. अर्ज मात्र कुठेही करता येत नाही. जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, हा नियम आहे. दिवस सारखे असतील तर जिथे पहिलं पाऊल टाकणार तो देश. तुमच्या बाबतीत तो फ्रान्स, मग त्यासाठी मुंबईची फेरी पडली तरी.

लोक यावर काय करतात तेही मला माहीत आहे. लिस्बनचं सहा दिवसांचं हॉटेल बुक करतात, व्हिसा आला की रद्द करतात आणि थेट पॅरिसचं विमान पकडतात. बऱ्याचदा निभावतंही. पण पॅरिसच्या विमानतळावर अधिकाऱ्याने पोर्तुगालचा व्हिसा पाहून ‘लिस्बनला कधी जाणार, कुठे राहणार’ असं विचारलं तर उत्तर काय देणार? व्हिसा असला तरी सीमेवर अडवण्याचा अधिकार त्यांना असतो. जिथे जायचं नाही तिथलं बुकिंग दाखवून मिळवलेला व्हिसा रद्दही होऊ शकतो आणि तशी नोंद पुढच्या प्रत्येक अर्जात समोर येते. पणजी जवळ आहे म्हणून एवढा धोका पत्करण्यात मला शहाणपण दिसत नाही. दुसरा सरळ मार्ग तुमच्याच हातात आहे. लिस्बन, सिंत्रा, कोइंब्रा धरून पोर्तुगालचे खरोखर सहा दिवस करा, पॅरिसचे तीन. मग पणजीत बिनधास्त अर्ज द्या.

प्रश्न (मडगाव): माझ्या नवऱ्याने आजोबांच्या जन्मनोंदीवरून पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं आहे. माझा पासपोर्ट भारतीय. दोघांनी मिळून इटलीला जायचं आहे. मलाही फी भरून, स्टेटमेंट जोडून सगळं करावं लागेल का? आणि त्याचा जुना भारतीय पासपोर्ट अजून घरात आहे, तो जाताना वापरला तर चालेल का?

उत्तर: दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तो जास्त गंभीर आहे. अजिबात चालणार नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व संपतं. त्यानंतर तो पासपोर्ट वापरणं हा गुन्हा आहे. ‘जाताना हा, येताना तो’ असा सल्ला देणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. अडकल्यावर त्यांच्यातला एकही विमानतळावर तुमच्यासोबत उभा नसतो. नवऱ्याने पासपोर्ट कार्यालयात जाऊन जुना पासपोर्ट जमा करावा आणि ओसीआय कार्डाचा, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाचा, अर्ज करावा. इथल्या अनेकांचे पासपोर्ट सरेंडर न होता रद्द झाले आणि सरेंडर प्रमाणपत्राअभावी त्यांचं ओसीआय अडलं होतं. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राने अशांसाठी पासपोर्ट रद्द झाल्याचा कागद ग्राह्य धरायचं ठरवलं होतं; ते आजही लागू आहे का, हे पासपोर्ट कार्यालयात विचारून घ्या. ओसीआय हातात येईपर्यंत पोर्तुगीज पासपोर्टवर भारतात यायला भारताचा व्हिसा लागेल, हे तिकीट काढताना लक्षात असू द्या.

आता तुमचं. युरोपीय संघाचा नागरिक स्वतःचा देश सोडून दुसऱ्या सदस्य देशात जातो, तेव्हा त्याच्याबरोबर जाणाऱ्या किंवा तिथे त्याला जाऊन मिळणाऱ्या पत्नीला व्हिसा लागतो, पण तो विनाशुल्क आणि लवकर द्यायचा असतो. इटलीसाठी तुम्ही या नियमात बसता. दाखवायचं ते इतकंच: तुमचा पासपोर्ट, त्याचा पोर्तुगीज पासपोर्ट, लग्नाचा पुरावा, आणि तो बरोबर येतोय किंवा तिथे आहे हे. लग्नाची नोंद गोव्यात सिव्हिल रजिस्ट्रारकडे होतच असल्याने ती अडचण आपल्याला नाही. अर्ज भरताना ‘युरोपीय संघाच्या नागरिकाचा कुटुंबीय’ हा रकाना भरायला विसरू नका. तो रिकामा सोडला तर अर्ज साध्या पर्यटकाचा धरला जातो. खुद्द पोर्तुगालला जायचं असेल तर नवरा आपल्याच देशात जातोय, म्हणून हा युरोपीय नियम तसाच लागू होत नाही. तिथे पोर्तुगालचा स्वतःचा कायदा चालतो. पणजीच्या कॉन्सुलेटमध्ये आधी विचारून घ्या.

प्रश्न (डिचोली): मुलगी पोर्तोमध्ये असते. मार्चमध्ये तिचं बाळंतपण आहे. निदान चार महिने तरी तिच्याजवळ राहायचं आहे. मला मधुमेह आहे. मागे एकदा माझा व्हिसा नाकारला होता, ते सांगावं की नको?

उत्तर: अभिनंदन! पण या व्हिसावर चार महिने राहता येणार नाही. कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, आणि पोहोचल्याचा दिवस व निघाल्याचा दिवस दोन्ही धरून. तुम्ही १ मार्चला उतरलात तर २९ मे हा नव्वदावा दिवस. त्या दिवशी शेंगेनबाहेर पडायलाच हवं. मध्ये आठ दिवस लंडनला जाऊन आलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून होते, हा मोठाच गैरसमज आहे. त्या आठ दिवसांपुरती मोजणी थांबते, एवढंच. आणि १ मार्चपासून सलग ९० दिवस राहिलात तर पुढचे दिवस २८ ऑगस्टपासूनच मोकळे व्हायला लागतात. म्हणून आधी ठरवा, गरज बाळंतपणाच्या वेळी जास्त आहे की नंतर मुलगी कामावर रुजू होताना. व्हिसा पूर्ण तीन महिन्यांचा मिळेलच असंही नाही. मागाल तितके दिवस देतीलच, हे गृहीत धरू नका.

मुलीने तिकडून तेर्मो द रेस्पोन्साबिलिदाद पाठवावं, म्हणजे ‘आई माझ्याकडे राहील, खर्चाची जबाबदारी माझी’ असं हमीपत्र. सोबत तिचा राहण्याचा परवाना आणि पगाराचे कागद. विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत आणि पूर्ण मुक्कामासाठी चालणारा हवा, त्यात तातडीचे उपचार आणि माघारी आणण्याचा खर्च आला पाहिजे. मधुमेहासाठी पॉलिसी नीट वाचा. व्हिसासाठी स्वस्तातली पॉलिसीही चालून जाते, पण तिच्यात आधीपासूनचे आजार बहुतेकदा वगळलेले असतात. साखर अचानक वाढून तिथे रुग्णालयात जावं लागलं तर बिल मुलीच्या माथी. थोडे पैसे जास्त गेले तरी आधीचे आजार धरणारी पॉलिसी घ्या. औषधं मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा.

मागच्या नकाराबद्दल विचारलं तर खरं सांगा. शेंगेनच्या सामायिक नोंदीत तो पाच वर्षं दिसतो, लपवून काय साधणार? नकारपत्रावर कुठल्या कारणापुढे खूण आहे ते बघा. मुक्कामाचा हेतू स्पष्ट नाही, पैसे पुरेसे नाहीत, परत जाण्याबद्दल शंका आहे, ही नेहमीची कारणं. ज्यावर खूण आहे त्याचंच उत्तर या वेळच्या कागदांत द्या. तेच कागद पुन्हा दिलेत तर तोच नकार येईल.

प्रश्न (म्हापसा): लिस्बन, मग स्विंडनला बहिणीकडे, मग पॅरिसहून परत. एकच व्हिसा पुरेल?

उत्तर: नाही. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, त्याचा व्हिसा वेगळा. आणि तुम्ही शेंगेनमध्ये दोनदा शिरता आहात. व्हिसावर ‘०१’ प्रवेश असेल तर पॅरिसचं विमान चुकलंच म्हणून समजा. अर्जातच दोन किंवा अनेक प्रवेश मागा. नाहीतर क्रम बदला: आधी स्विंडन, मग लिस्बन-पॅरिस सलग. मी तर हेच करीन.

प्रश्न (वास्को): मागच्या तीन वर्षांत दोनदा शेंगेन व्हिसावर जाऊन वेळेत परत आलो. दर वेळी नवा अर्ज कंटाळवाणा आहे.

उत्तर: तुमच्यासारख्यांसाठीच एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांना वेगळे नियम आहेत. तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन ते नीट वापरले असतील तर साधारणपणे दोन वर्षांचा, अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळतो आणि त्यानंतर पाच वर्षांचा. पासपोर्टची मुदत तितकी हवी. ती संपत आली असेल तर आधी पासपोर्ट नवा करा. जुना पासपोर्ट जपून ठेवा आणि त्यातल्या व्हिसांच्या प्रती अर्जाला जोडा. नव्वद दिवसांची मर्यादा मात्र तशीच राहते.

प्रश्न (साखळी): ‘आता व्हिसा नको, ऑनलाइन २० युरो भरून एटियास घ्या’ असा मेसेज फिरतोय. खरं का? विमानतळावर बोटांचे ठसे घेतात तेही तेच का?

उत्तर: एटियास हे ज्यांना व्हिसा लागत नाही अशा देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारतीय पासपोर्टला त्याचा उपयोग नाही, पैसे भरू नका. ठशांची गोष्ट वेगळी. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने सीमेवर शिक्क्यांऐवजी संगणकीय नोंद सुरू केली आणि १० एप्रिल २०२६ पर्यंत ती सगळीकडे लागू करायचं ठरवलं. व्हिसा घेताना तुमचे ठसे दिलेलेच असतात, म्हणून सीमेवर मुख्यतः फोटो आणि पडताळणी. पहिल्या खेपेला रांग लांब असू शकते. तेव्हा लिस्बनला उतरून दीड तासात पुढचं विमान, असं तिकीट काढू नका. हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट आणि विम्याची प्रत सामानात कोंबू नका, हातात ठेवा. व्हिसा देताना पाहिलेले हेच कागद सीमेवरचा अधिकारी पुन्हा मागू शकतो.