पुरातलं पहिलं कुत्रं घरी आणताना

पुरात सुटलेली कुत्री सांभाळणार म्हणालास, लई बरं वाटलं बघ. २०१९ ला कृष्णा-दूधगंगेचं पाणी चढलं तेव्हा मी पण नवखाच, चार दिवस उपाशी कुत्र्याला पोटभर दूधभात घातला आणि बिचाऱ्याला रात्रभर जुलाब. दूध नकोच, साधा भात थोडा थोडा, दिवसातनं चार-पाच वेळा.

सुरवातीला एवढं बघ:
- एकच घे. दया येऊन पाच आणलीस तर एकालाही नीट बघणं होत नाही.
- घरच्या जनावरांपासून दोन आठवडे लांब ठेव.
- चावलं, ओरखडलं तर साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धू, त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घे, हळद-चुना लावत बसू नको.

आणि लगेच कुणाला देऊन टाकू नको रे, ही सगळ्यात मोठी चूक, कारण मालक निवारा केंद्रात असतो आणि तो पण शोधतच असतो. फोटो, सापडल्याची जागा मराठी-कन्नड दोन्हीत लिहून गावच्या ग्रुपवर टाक, पण अंगावरची एक खूण मुद्दाम लपवून ठेव, ती मालकालाच विचारायची, म्हणजे खरा मालक कोण ते कळतं.

नसबंदीचं नंतर सांगतो. आधी ते खाऊन झोपलं का कळव.