कालीमांतानच्या लांबघरात राहायला येण्याआधी

नमस्कार ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि संध्याकाळी नवऱ्यालाही त्याच्या भाषेत सांगितलं. नाशिकची नोकरी सोडून, सहा वर्षांच्या लेकीला घेऊन तुम्ही दोघं इंडोनेशियातल्या एखाद्या आडजंगलातल्या गावी कायमचं यायचं म्हणताय. थोडी जमीन घ्यायची, लाकडाचं घर बांधायचं, भाजीपाला पिकवायचा आणि ऑनलाइन कामावर खर्च भागवायचा, असा तुमचा बेत. जमीन मिळेल का, महिन्याला किती लागतात, शाळा-दवाखान्याचं काय, शाकाहारी माणसाचं कसं होतं, हे तुमचे प्रश्न. मी मूळची सावंतवाडीकडची. जंगलपाहणीच्या कामासाठी पश्चिम कालीमांतानमध्ये, म्हणजे बोर्निओ बेटाच्या इंडोनेशियातल्या भागात आले, इथल्याच इबान या आदिवासी जमातीतल्या माणसाशी लग्न केलं, आणि आता नऊ वर्षं कापुआस हुलू जिल्ह्यातल्या एका लांबघरात, म्हणजे अनेक कुटुंबांच्या एकाच लांबलचक घरात राहते आहे. त्यामुळे जे सांगते ते या भागापुरतं. पापुआ किंवा सुमात्राचं चित्र वेगळं असेल.

आधी अंतरांचा अंदाज घ्या. हा जिल्हा क्षेत्रफळाने जवळपास आपल्या अख्ख्या कोकण विभागाएवढा आहे आणि माणसं आहेत सुमारे अडीच लाख. जिल्ह्याचं गाव पुतुसिबाउ. प्रांताची राजधानी पोंतियानाकहून तिथे छोट्या विमानाने तासाभरात येता येतं. बसने यायचं तर रात्र तर जातेच, दुसऱ्या दिवसाचाही बराच भाग जातो. तिथून आमच्या घरी यायला अर्धा रस्ता आणि अर्धी नदी.

जमिनीचं आधी बोलते, कारण तुमचा सगळा बेत तिच्यावर उभा आहे. जमीन विकत मिळणार नाही. १९६० च्या कायद्याने इथे पूर्ण मालकी, म्हणजे ‘हाक मिलिक’, फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला मिळते. परदेशी माणसाला फार तर ठरावीक मुदतीचा वापराचा हक्क मिळतो. ‘गावातल्या कुणाच्या तरी नावावर घेऊ आणि आपसात कागद करू’ असं सुचवणारे दलाल भेटतील. तसा व्यवहार त्याच कायद्याने रद्द ठरतो. कृपा करून त्या वाटेला जाऊ नका.

पण कायदा बाजूला ठेवला तरी खरी गोष्ट वेगळीच आहे. तुम्ही ‘माणसाचा हात न लागलेलं जंगल’ असं लिहिलंत. मीही तसंच समजून आले होते. आमच्या घरामागे टेकडीवर उंचच उंच झाडी आहे. दुरियान आणि लांसात ही फळझाडं, तेलबियांचं तेंगकावांग, रबर, सगळं एकमेकांत गुंतलेलं. पहिल्या वर्षी मी तिला जंगलच म्हणायचे. तिला इथे ‘तेंबावांग’ म्हणतात. जिथे पूर्वी लांबघर होतं तिथे त्या पिढीने लावलेली, वाढवलेली ती बाग आहे. घर हललं, झाडं राहिली. कुठलं झाड कुणाच्या पणज्याने लावलं हे सगळ्यांना पाठ असतं. आपल्याकडे एका कलमाच्या आंब्यात चार भावांचे वाटे असतात ना, अगदी तसं.

दुरियानच्या दिवसांत एका सकाळी वाटेवर पडलेलं एक फळ मी उचलून घरी आणलं. सासूबाईंनी ते पाहिलं, कुठल्या झाडाखालचं ते विचारलं, आणि काही न बोलता फळ आणि सोबत अर्धा किलो साखर टोपलीत घातली. मला बरोबर घेऊन त्या घराच्या पार दुसऱ्या टोकाला एका म्हाताऱ्या आजोबांकडे गेल्या. ते आणि त्यांचा नातू त्या झाडाखाली झोपडीत अख्खी रात्र जागत बसले होते, फळ पडल्याचा आवाज ऐकत. पहाटे जरा डोळा लागला तेवढ्यात मी तिथून गेले होते. आजोबांनी फळ फोडून आम्हालाच खायला घातलं. मला तो घास गिळवेना. त्या दिवसापासून इथल्या कुठल्याही झाडाला मी ‘रानातलं’ म्हटलेलं नाही.

याच हक्कासाठी इथली माणसं कित्येक वर्षं भांडली. २०१३ मध्ये इंडोनेशियाच्या घटना न्यायालयाने निकाल दिला की परंपरेने वापरात असलेलं समाजाचं जंगल हे सरकारी जंगल नव्हे. तरी प्रत्यक्ष कागद हातात पडायला वेळ लागतो. आमच्याच जिल्ह्यातल्या सुंगाई उतिकच्या लांबघराला त्यांच्या साडेनऊ हजार हेक्टरच्या आसपासच्या जंगलाची मान्यता २०२० मध्ये मिळाली. त्याआधी किती वर्षं त्यांनी लाकूड कंपन्यांना पाऊल टाकू दिलं नव्हतं. आता अशा ठिकाणी बाहेरचं कुटुंब येऊन ‘एक तुकडा द्या’ म्हणालं, तर त्यांना काय वाटेल याचा विचार करा. तुमचा हेतू चांगला आहे हे मला दिसतं. त्यांना ते दिसायला काही वर्षं लागतील.

मग राहायचं कसं? कुणाच्या तरी घरचं होऊन. लांबघर म्हणजे एका छपराखाली ओळीने पंधरा, वीस, तीस कुटुंबांच्या खोल्या. एकेक कुटुंबाची खोली ती ‘बिलिक’, आणि सगळ्यांसमोरून धावणारी एकच लांबलचक ओसरी ती ‘रुआय’. ओसरीवर चटया विणणं, जाळी दुरुस्त करणं, पोरं खेळवणं, भांडणं मिटवणं, सगळं चालतं. घराचा प्रमुख ‘तुआय रुमा’. पाहुणा आला की चोवीस तासांच्या आत वर्दी द्यायची, ही तर देशभरच पाटी असते: ‘तामू वाजिब लापोर’. भिंती फळ्यांच्या. शेजारचं मूल रात्री खोकलं की सकाळी चार बायका औषध घेऊन दारात. मला यात फार आधार मिळाला. एकांत शोधत येणाऱ्याला मात्र हे जड जाईल, आणि तुमच्या पत्रात ‘शांतता’ हा शब्द पाच वेळा आला आहे म्हणून मुद्दाम सांगते.

कामातही तसंच. डोंगरउतारावरच्या भातासाठी ऑगस्ट-सप्टेंबरात झाडोरा तोडून जाळतात, मग पुरुष टोकदार काठीने भोकं पाडत पुढे जातात आणि मागून बायका त्यात बी टाकतात. आज तुझ्या शेतावर, उद्या माझ्या, याला इथे ‘बेदुरुक’ म्हणतात. कोकणात आपण सावड म्हणतो. जाळणं पाहून तुम्हाला धक्का बसेल, पण माझ्या आजोळी राब भाजायचे आणि कुमरी, म्हणजे डोंगरावरची फिरती शेतीही करायचे, त्यामुळे मला ते ओळखीचं वाटलं. २०१५ आणि २०१९ मध्ये आकाश महिनोन्महिने धुरकट झालं, तो धूर मुख्यतः सुकवलेल्या दलदलीच्या जमिनींचा होता. या छोट्या शेतांच्या माथी तो मारू नका. तशा वर्षी मात्र लेकीला घेऊन महिनाभर दुसरीकडे जायची तयारी ठेवा.

सावडीतून कुणी सुटत नाही, तसंच सुतकातूनही. घरात मृत्यू झाला की काही दिवस शेतावर कुणी जात नाही, गाणी-टीव्ही बंद. तुमची ऑनलाइन मीटिंग असली तरी त्या दिवसांत तुम्ही खोलीत मोठ्याने बोलत बसू शकत नाही. तुमच्या मालकाला हे आधीच सांगून ठेवावं लागेल.

आता दवाखाना. तुमच्याबरोबर मूल आहे म्हणून यावर सगळ्यात जास्त लिहिते.

तालुक्याला सरकारी आरोग्यकेंद्र असतं, त्याला ‘पुस्केस्मास’ म्हणतात. गावात असलीच तर एक सुईण-परिचारिका. लसी, बाळंतपण, साधा ताप, जुलाब, टाके इथवर नीट होतं. त्यापुढे पुतुसिबाउचं रुग्णालय, आणि त्यापुढे पोंतियानाक. कुणी कुणी बादाउच्या सीमेवरून मलेशियात कुचिंगला जातात. माझा मुलगा अडीच वर्षांचा असताना ऑगस्टमध्ये त्याला ताप भरला, तिसऱ्या दिवशी अंगावर पुरळ आलं आणि तो पाणीही पिईना. एरवी आमच्याकडून आरोग्यकेंद्राला नावेने तीन तास लागतात. लोकांना वाटतं पुरात नदी अडवते. पुराच्या पाण्यावर अनुभवी नावाडी निघतो तरी. कोरड्या दिवसांत नदीच उरत नाही. त्या रात्री दर वळणावर नाव दगडांना टेकत होती. सहा जण गुडघाभर पाण्यात उतरून ती ओढत होते, मी मधल्या फळीवर त्याला छातीशी धरून बसलेली, आणि पुढे बसलेला माझा दीर टॉर्चने प्रवाहाची काळी रेघ शोधत होता. सात तास लागले. डेंग्यू होता. वेळेत सलाईन लागलं, मुलगा बरा झाला. त्या सहा जणांपैकी कुणी पैसे घेतले नाहीत, पेट्रोलचेसुद्धा. पुढच्या हंगामात मी सहाही घरांच्या शेतांवर बी टाकायला गेले. इथला हिशेब तसाच असतो.

म्हणून निघण्याआधी रेबीजच्या प्रतिबंधक लसी घ्या, तिघांनीही. या प्रांतात कुत्र्यांमधून रेबीज होतो आणि चावल्यावर लस मिळायला वेळ लागतो. जपानी मेंदूज्वर, टायफॉइड, कावीळ यांच्याही. ताप आला तर आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन नको, पॅरासिटॅमॉलच. रोज गोळ्या घ्याव्या लागतील असा दमा किंवा मिरगी घरात कुणाला असेल, तर माझं स्पष्ट मत आहे: गाव नको, पुतुसिबाउत राहा आणि गावी येत-जात राहा.

जेवणाचं. तांदूळ घरचा, आणि चव अशी की आंबेमोहोर आठवतो. भाज्यांची वाण नाही: नेच्याचे कोवळे कोंब, बांबूचे कोंब, कुटलेला कसाव्याचा पाला, आंबट वांगं, रानभोपळा. पण जवळजवळ प्रत्येक गोष्टीत मासा, रानडुक्कर किंवा ‘तेरासी’ नावाचा कोळंबीचा वाटण-गोळा असतो. सुकटीवर वाढलेल्या मला काही वाटलं नाही. तुम्हाला वेगळी चूल मांडावी लागेल. तूरडाळ मिळत नाही, अख्खे मूग आणि शेंगदाणे मिळतात, टोफू-तेंपे बाजाराच्या दिवशी. कणीक नाही, मैदाच. दूध म्हणजे डब्यातलं गोड घट्ट दूध.

आणि एक रीत आजच लक्षात ठेवा. वाढलेलं कधी सरळ नाकारायचं नाही. खायचं नसेल तर ताटाला बोटं लावून ती ओठांना लावायची. तसं न करता निघालात तर वाटेत अपघात होतो अशी समजूत आहे, ‘केंपुनान’ म्हणतात. एवढं केलंत की कुणी आग्रह करणार नाही. सणाला भाताची दारू, ‘तुआक’, समोर येईल, तिलाही हीच रीत चालते.

पैसे: आमच्या तिघांचं महिन्याला ३० ते ४० लाख रुपियांत भागतं, म्हणजे साधारण १६ ते २२ हजार भारतीय रुपये. पण भात, मासळी, सरपण आमचं स्वतःचं आहे. तुम्हाला जास्त लागतील, आणि त्यात पेट्रोलचा वाटा मोठा असेल, कारण इथे ते पंपाच्या दीडपट भावाने बाटलीतून येतं. दोन तिकिटांचे आणि एका इस्पितळाचे पैसे वेगळे ठेवा, त्यांना हात लावू नका. इंटरनेट आता डिशवर चालतं, मुसळधार पावसात तुटतं. पाऊस वर्षाला ४००० मिलिमीटरच्या घरात. आंबोलीपेक्षा कमीच, पण आंबोलीचा चार महिन्यांत संपतो, इथला बाराही महिने थोडा थोडा येत राहतो. कपडे, पासपोर्ट, कॅमेरा, सगळ्याला बुरशी धरते.

व्हिसा तुमची खरी अडचण ठरेल. विमानतळावर मिळणारा व्हिसा ५ लाख रुपियांचा, ३० दिवसांचा, एकदाच वाढवता येतो आणि त्यावर काम करता येत नाही. परदेशी पगारावर इथे बसून काम करणाऱ्यांसाठी वेगळा परवाना आहे, पण त्याला वर्षाला ६० हजार डॉलर उत्पन्न दाखवावं लागतं. मी नवऱ्याच्या हमीवर राहते. तुम्हाला हमी देणारी संस्था शोधावी लागेल. नियम बदलत असतात, दूतावासाकडून ताजे विचारून घ्या. शाळा सहावीपर्यंत गावात, इंडोनेशियन माध्यमाची, लाल-पांढरा गणवेश. पुढे तालुक्याला वसतिगृहात. लेक लहान आहे, भाषा ती तुमच्याआधी शिकेल.

भाषेची भीती बाळगू नका. ‘भूमी’ला बुमी, ‘स्वामी’ला सुआमी, ‘स्त्री’ला इस्त्री, ‘वर्णा’ला वार्ना, सासूबाईंशी पहिले काही महिने मी या शब्दांच्या आधारावरच बोलले. घरात इबान बोलतात. भेटल्यावर ‘कशी आहेस’ विचारत नाहीत, ‘उदाह माकाय?’ म्हणतात. जेवलीस का?

तेव्हा माझं सांगणं असं: नोकरी सोडू नका, बिनपगारी रजा घ्या. जूनमध्ये येऊ नका, तेव्हा नुकताच सण झालेला असतो, कोरडं असतं, सगळं सुंदर दिसतं. ऑक्टोबरच्या शेवटी या. भात कोवळं असतं, निंदणी चालू असते, पाऊस वाढलेला असतो, जळवा असतात. व्हिसाचे दोन महिने पूर्ण राहा. आमच्या ओसरीवर तुमची सोय मी तुआय रुमांना विचारून ठेवते, त्यांनी हो म्हटलं की कळवेन. येताना तूरडाळ आणि हिंग आणा, आणि सासूबाईंसाठी नाशिकचे मनुके; हळद नको, ती इथे भरपूर आहे.

लेकीला पोहता येतं का ते तुम्ही लिहिलं नाहीत. येत नसेल तर तिकिटं काढायच्या आधी तिला पोहायला शिकवा. इथली पोरं चालायला लागल्यापासून नदीत असतात, आणि ती त्यांच्या मागे जाणारच.